सहा पायांचा वाढदिवस

सातारा,
28 जून

प्रिय सुमे,

परवा फोनवर निम्मंच बोलणं झालं. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या, इकडे ओवीच्या हाका, आणि ओवीचा वाढदिवस कसा झाला, हे मुख्य सांगायचं राहूनच गेलं. म्हणून सगळं लिहूनच काढते. निनादचा वाढदिवस ऑगस्टमध्ये, म्हणजे तुझ्या हातात दीड महिना आहे. करवंट्या साठवायला तेवढे दिवस लागतातच.

ओवीने एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं, "मला किड्यांचा वाढदिवस हवा." ती सहा वर्षांची होणार आणि किड्यालाही सहा पाय, हा हिशेब तिचाच. आईंना ते आधी पटलं नाही. शुभ दिवशी घरात किडे कशाला, म्हणाल्या. मी काही बोलले नाही. ओट्यावर बसून करवंट्या घासायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच काचकागद मागायला आल्या.

तर करवंट्या. नारळ फोडताना बेतानं फोडायचा, दोन भाग सारखे झाले पाहिजेत. खोबरं काढून करवंटी दोन दिवस उन्हात ठेवली, वरचे तंतू काचकागदाने घासून काढले आणि लाल ॲक्रिलिकचे दोन हात दिले. साधा पोस्टर कलर देऊन पाहिला होता, तो वाळला की खपल्या सुटतात. पालथी करवंटी म्हणजे थेट ढालकिड्याची पाठ. खराट्याचे हीर पाण्यात भिजवून वाकवले आणि आतून कापडी पट्टीने चिकटवले, तीन इकडे, तीन तिकडे. टोकं मात्र कापून बोथट कर. ठिपके मी मुद्दाम दिले नव्हते, ते मुलांनी द्यायचे होते. कान साफ करायची कापसाची काडी काळ्या रंगात बुडवली की एक नेमका गोल ठिपका उठतो. सात ठिपक्यांचा ढालकिडा मावा खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, आणि अठ्ठावीस ठिपक्यांचा वांग्याची पानं कुरतडतो, एवढंच मी सांगितलं. मग काय, चौदातल्या नऊ जणांनी अठ्ठावीस मोजून काढले! अर्धा तास घरात आवाज नव्हता. जाताना प्रत्येकाने आपापली करवंटी घरी नेली, त्यामुळे वेगळी भेटवस्तू द्यावीच लागली नाही. प्लॅस्टिकचे किडे आणू नकोस ग. त्यांचे पायसुद्धा धड सहा नसतात.

आमंत्रणं फणसाच्या पानांवर लिहिली. पानं वर्तमानपत्रात घालून चार दिवस गादीखाली दाबली, कडेला पंचिंग मशीनने भोकं पाडली, जणू सुरवंटाने खाल्लंय, आणि पांढऱ्या पेनने वेळ लिहिली. ठाण्यात फणसाचं पान नाही मिळालं तर देशी बदामाचं चालेल.

खाण्याचं थोडक्यात सांगते. छोट्या इडल्या, निम्म्या पांढऱ्या, निम्म्या पालक घातलेल्या. एकाआड एक उभ्या लावायच्या आणि मधे घट्ट चटणी, म्हणजे सुरवंट वळणं घेत ताटात बसतो. डोळे मनुकांचे. टूथपिक अजिबात नको, आमच्याकडे एकदा एका पोराच्या हिरडीत घुसली होती. बेसनाचे लाडू लांबट वळले, वितळवलेल्या चॉकलेटचे पट्टे ओढले, बदामाचे दोन काप पंख म्हणून खोचले, की मधमाश्या. आणि केक. रव्याचा गोल केक कुकरमध्येच केला, मधोमध कापला आणि दोन्ही अर्धुकं उलटी फिरवून गोल बाजू एकमेकींना टेकवल्या. तेवढ्यानेच फुलपाखरू होतं, साचा लागत नाही. वर आमरस घातलेली क्रीम, कडेने किसलेलं चॉकलेट आणि पंखांच्या टोकांना पांढरे ठिपके. आपल्या शाळेमागे रुईच्या झुडपांवर ती केशरी फुलपाखरं असायची ना, काळ्या कडांची? तेच ते. दुकानातल्या केकवर गुलाबी-जांभळं फुलपाखरू असतं, तसं मी कधी उडताना पाहिलं नाही. ओवीला खरं हवं होतं, मलाही.

खेळातला एकच सांगते, कारण तो तुझ्या फ्लॅटमध्येही जमेल. मुंग्या वासाचा माग काढत रांगेने जातात, हे मुलांना आधी सांगायचं. मग जुन्या मलमलीच्या पुरचुंड्या बांधायच्या, कशात लवंग, कशात ओवा, कशात वेलदोडा, कशात कापूर. त्या घरभर ठेवायच्या. प्रत्येक गटाला एक वास द्यायचा आणि त्या वासाच्या पुरचुंड्या हुंगत हुंगत वारुळापर्यंत पोचायचं. वारूळ म्हणजे आमची दिवाणाखालची जागा. पुरचुंडी हाताने उचलायची नाही, कपड्यांच्या चिमट्यात धरायची, कारण मुंगी जबड्यात धरून नेते. लवंगवाले जिंकले. ओवा आणि वेलदोडा जवळजवळ ठेवून मी चूक केली, दोन गट तिथेच घोटाळले. लांब लांब ठेव.

आता खरं सांगायचं ते. एक मुलगा, नाव लिहीत नाही, आल्यापासून दारातच उभा होता. पायातली चप्पल काढेना. घरी त्याला कुणीतरी सांगितलं होतं की किडे चावतात, लांब राहायचं. मी आग्रह केला नाही. आई आतून एक काडेपेटी घेऊन आल्या. आत ओलं गवत आणि त्यावर मृगाचे दोन किडे, लाल मखमलीचे. आदल्या दिवशीच्या पावसानंतर परसात सापडले होते. "आम्ही लहानपणी असेच ठेवायचो," एवढंच बोलल्या आणि पेटी त्याच्या हातात देऊन शेजारी बसल्या. तो बघत राहिला. मग बोटाने पाय मोजायला लागला आणि एकदम ओरडला, "याला आठ आहेत!"

सगळी पोरं धावली. खरंच आठ. मृगाचा किडा नावाचाच किडा, तो कोळ्याच्या भाऊबंदातला. ओवीचं तोंड उतरलं, तिच्या सहाच्या वाढदिवसाला हा आठ पायांचा कुठून आला? तेव्हा त्याच मुलाने सुचवलं की हा पाहुणा समजू. भिंतीवर मोठा कागद लावला आणि चार रकाने पाडले: सहा पायांचे, आठ पायांचे, पुष्कळ पायांचे, बिनपायांचे. भिंगं घेऊन सगळे परसात. अर्ध्या तासात नाकतोडा, डोंगळे, कोळी, वाणी, गांडूळ, गोगलगाय, सगळे कागदावर आले. चप्पल कधी सुटली, कुणाला कळलंच नाही. काडेपेटीतले दोघेही संध्याकाळी गवतात परत सोडले, सोडायचा मान त्यालाच.

परस मी सकाळीच पाहून घेतलं होतं, हे लिहायला हवं. गांधीलमाशीचं घर कुठे नाही ना, दगडाखाली घोण नाही ना. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, हे मुलांकडून तीनदा वदवून घेतलं.

अंधार पडल्यावर दोरीवर पांढरी चादर लावून समोर दिवा ठेवला. पतंग येतील असा बेत होता, आणि आधी आलेही, एक तर वाळक्या पानासारखा, बसला की दिसेचना. पण दहा मिनिटांत पंख फुटलेली वाळवी उठली. शेकड्याने. चादर, केस, केकची परात, सगळीकडे. दोघं-तिघं रडायला लागली आणि खरं सांगते, माझाही धीर सुटला. आईंनी दिवा मालवला. सगळ्यांना अंधारात पायरीवर बसवलं आणि सांगितलं, पहिल्या पावसानंतर ही उडतात, नवीन घर करायला निघालेली असतात, एकदाच उडतात आणि पंख टाकून देतात. थोड्या वेळाने बॅटरी लावली तर फरशीभर नुसते पंख. मुलांनी ते वेचले. वाळवीचे चारही पंख एका मापाचे, मुंगीचे पुढचे मोठे नि मागचे लहान, हे आम्ही तिथेच बसून लावून पाहिलं. फणसाच्या उरलेल्या पानांवर खळीने ते पंख चिकटवले. ओवीचं पान देवघराशेजारी लावलंय, आईंनीच लावलं.

तुला परस नाही म्हणून हिरमुसू नकोस. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर आजपासून काही फवारू नको. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर पुसू नकोस, तोच लिंबाच्या फुलपाखराचा लहान सुरवंट. मोठा झाला की हिरवागार होतो आणि डिवचला तर डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढतो. कोष केल्यावर आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. निनादला रोज बघू दे. नाहीच आला तर मला कळव, आमच्या झाडावर आत्ता पाच आहेत.

घासलेल्या सोळा करवंट्या दादाबरोबर पाठवते, तो पुढच्या शनिवारी ठाण्याला येतोय. रंग तिकडेच घे, आणि हीर भिजवायला विसरू नकोस.

तुझी,
वृंदा