तुझा जुना रिसीव्हर जागा झाला

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री पावणेबाराला तुझ्या रिमोटवरच्या बाल्सा लाकडाच्या विमानाचं रडर, म्हणजे शेपटीची वळवायची पट्टी, हललं! आई झोपली होती म्हणून ओरडलो नाही, पण तुला उठवावंसं फार वाटलं. इंदूर सोडताना तू ते आमच्या माळ्यावर ठेवलंस आणि ‘उडवत राहा’ म्हणालास. उडवणार कसं? विमानातला तुझा रिसीव्हर फ्रस्काय कंपनीच्या जुन्या डी८ प्रोटोकॉलचा, म्हणजे त्याची रेडिओची भाषाच वेगळी, माझ्या हातातल्या ट्रान्समीटरला ती येतच नाही. नवा रिसीव्हर टाकणं सोपं होतं. पण आतलं सगळं सोल्डरिंग तुझ्या हातचं, ते उपटायला हात धजेना.

म्हणून अशा अनेक भाषा बोलणारं मल्टीप्रोटोकॉल मॉड्यूल घेतलं. ट्रान्समीटरच्या पाठीमागच्या खणात बसतं. आत चार रेडिओ चिप आहेत: फ्लायस्काय कंपनीच्या रिसीव्हरसाठी ए७१०५, स्पेक्ट्रम कंपनीच्या रिसीव्हरसाठी सीवायआरएफ६९३६, खेळण्यातल्या ड्रोनसाठी एनआरएफ२४एल०१ आणि आपल्या कामाची, फ्रस्कायची सीसी२५००. चौघींना कामाला लावते ती एसटीएम३२ ही मुख्य प्रोसेसर चिप. तिच्यातला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, सर्वांना खुलं आहे. संगणकावर अर्डुइनो या प्रोग्रॅममध्ये उघडायचं, कॉन्फिग फाइलमध्ये नको त्या प्रोटोकॉलच्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा मारून ती ओळ बाद करायची आणि कंपाइल करायचं, म्हणजे चिपला कळेल असं रूप द्यायचं. तू घेणार असशील तर एटमेगा३२८पी प्रोसेसर असलेलं जुनं मॉड्यूल घेऊ नकोस. त्यात जागा ३२ केबी, बहुतेक प्रोटोकॉल कापावे लागतात.

खरा घाम हे फर्मवेअर मॉड्यूलमध्ये अपलोड करताना फुटला. जेल रोडवरून यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणला, व्होल्टेज ३.३ वर ठेवलं, एकाची पाठवायची पिन टीएक्स दुसऱ्याच्या घ्यायच्या पिनला, आरएक्सला जोडली, बूट० नावाच्या पिनांवर त्या जोडणारी छोटी टोपी, म्हणजे जम्पर, चढवला. अपलोड शंभर टक्के झालं. मॉड्यूल ट्रान्समीटरमध्ये बसवलं तर दिवासुद्धा लागेना. दोन संध्याकाळी वायरी बदलल्या, पुन्हा पुन्हा कंपाइल केलं. कारण एवढंच की जम्पर काढायचा राहिला होता. तो असला की चिप दर वेळी कारखान्यातून आलेल्या लोडरमध्ये जाते, आपल्या प्रोग्रॅमकडे वळतच नाही. चिमट्याने जम्पर ओढला आणि लाल दिवा लुकलुकला.

पण अगदी सावकाश, म्हणजे ट्रान्समीटरकडून सिग्नल येत नव्हता. मॉड्यूलवरचा छोटा गोल स्विच ५ वर होता. ट्रान्समीटरचे हुकूम सिरियलवरून, म्हणजे एकापाठोपाठ आकड्यांत, घ्यायचे तर तो ० वरच हवा. आणि हे लक्षात ठेव, अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूलला वीज द्यायची नाही.

बाइंड झालं, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमली, तरी रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी, सर्व्हो, मधूनच थरथरायचे. सीसी२५००च्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी किंचित सरकलेली असते, त्यासाठी मेनूत उणे १२७ ते १२७ असा आकडा आहे. एका हाताने स्टिक हलवत एकेक घर खाली आलो. उणे ७३ला रडर मेलं. मग वर चढलो, ७ला पुन्हा मेलं. बरोबर मधला उणे ३३ ठेवला आणि थरथर गेली. एवढं स्वच्छ हलणारं रडर आपण कॉलेजात असतानाही पाहिलं नव्हतं रे.

आज सकाळी मोटरवरचा प्रोपेलर काढून, थ्रॉटल, म्हणजे मोटरच्या वेगाची स्टिक, खाली ठेवून रिसीव्हरचं बटण दाबलं आणि सिग्नल गेला तर काय करायचं ते, म्हणजे फेलसेफ, नव्याने बसवलं. ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबते, तीनदा बघितलं. मग भाचा गच्चीवर विमान धरून उभा राहिला, मी ट्रान्समीटरवर रेंज टेस्ट, म्हणजे सिग्नल किती लांब पोचतो त्याची चाचणी, लावून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तो हात हलवून सांगत होता, ‘मामा, हलतंय!’

उडवलं मात्र नाही आणि तू येईपर्यंत उडवणारही नाही. पहिली स्टिक तुझीच. दिवाळीला नक्की ये. विमानाच्या डाव्या पंखावरचं कव्हरिंग, वरचं आवरण, टोकाशी सुटलंय. तसाच लाल रोल इथे मिळत नाही, येताना पुण्याहून घेऊन ये.

काका-काकूंना नमस्कार.

तुझाच,
माळ्याचा राखणदार