गर्भपाताचे आकडे घ्या, बाईचे नाव नको

प्रति,
माननीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य

महोदय,

जून २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील मूडलगी येथे बाटल्यांत भरून टाकलेले सात भ्रूण सापडले. त्यानंतर गर्भपाताच्या नोंदी कडक व्हाव्यात असे आमच्या भागातही बोलले गेले, आणि ते रास्तच होते. मात्र कडक नोंद म्हणजे बाईच्या नावागावासकट नोंद, असा अर्थ लावला जाऊ नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गर्भपात कायद्याखालची २००३ ची नियमावली याबाबत स्पष्ट आहे. नोंदवह्यांपैकी नाव केवळ दाखल-नोंदवहीत येते आणि ती वही गोपनीय मानून पाच वर्षे जपायची असते. केसपेपरवर फक्त अनुक्रमांक लिहायचा, आणि राज्याकडे दरमहा जाणारा तक्ता निव्वळ संख्यांचा. त्याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीतील कलम ५-अ नुसार, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही ओळख सांगणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अडचण आहे ती या वहीबाहेर. तायी कार्ड (गरोदर बाईचे सरकारी नोंदकार्ड) काढलेल्या बाईची नोंद मध्येच थांबली की कारण विचारले जाते. नोकरीत असताना मीही विचारले आहे. आशाताई त्याच गल्लीतल्या, कधी नात्यातल्याही, त्यामुळे वहीतला एक शब्द सासूच्या कानी जायला आठवडी बाजाराची वाट पाहावी लागत नाही. (दोष आशाताईंचा नाही, रकाना रिकामा राहिला तर बोलणी त्यांनाच खावी लागतात.) मग निपाणी-कागवाडकडची एखादी बाई गुपचूप कोल्हापूर किंवा मिरज गाठते आणि आपल्या राज्याच्या आकड्यांतून गळते.

संख्येतही एक मेख आहे. त्या नियमावलीतील तक्ता गर्भाचे आठवडे, कारण आणि धर्म यांनुसार आकडे मागतो. महिन्यात एकच गर्भपात झालेल्या छोट्या केंद्राच्या तक्त्यातला ‘एक’ गावाला नावासारखाच वाचता येतो.

तेव्हा केंद्रनिहाय आकडे जिल्हा कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नयेत, आणि गर्भनोंद बंद करताना कारण सांगण्याची सक्ती नसावी. लिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी केंद्रांतील फॉर्म एफ (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या नोंदीचा नमुना) काटेकोर तपासावेत. १९९४ च्या लिंगनिदानबंदी कायद्याने ते साधन हाती दिलेलेच आहे. संमतीपत्र मराठीतही छापावे, कारण कन्नड न वाचता येणारी बाई आज समोरचा माणूस जे सांगेल त्यावरच अंगठा उठवते.

आपली विश्वासू,
चिकोडी तालुक्यातील एक निवृत्त आरोग्य सेविका