पाककृती मागितलीस म्हणून

फोंडा, गोवा
१४ जून

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू स्ट्रॉबेरी बारची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या त्या वड्यांची, पाककृती मागितलीस आणि आई ती तोंडी सांगू लागली, तेव्हा मीच तिला थांबवून ‘सविस्तर लिहून पाठवतो’ असे म्हणालो. त्याला कारण होते. पाककृती मागण्याच्या आधीच्याच वाक्यात, हल्ली सुटीच्या दिवशीही रात्री झोप लागत नाही, असे तू म्हणाली होतीस, आणि ते इतक्या घाईने उरकलेस की आईच्या ते लक्षात आले नाही, किंवा आले असले तरी तिने तसे दाखवले नाही. आपल्या घरात हे बार चवथीला कधी झाले नाहीत, कोणाच्या वाढदिवसाला झाले नाहीत, नाताळात शेजारून बेबिंक आले तर त्याची परतफेड म्हणूनही झाले नाहीत. ते कधी होत असत हे तुला आणि मला पुरते ठाऊक आहे. तेव्हा आधी पाककृती लिहितो आणि झोपेचे नंतर विचारतो.

फळ निवडण्यापासूनच काळजी घे. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत घालून पिकत नाही. वेलीवरून तोडताना जेवढी पिकली असेल तेवढीच ती पिकलेली राहते, नंतर फक्त मऊ पडते आणि नासते. म्हणून देठाच्या हिरव्या पाकळ्यांखालपर्यंत लाल झालेली आणि जवळ नेताच वास येणारी तेवढीच घे, खांद्याशी पांढरी असलेली घेऊ नकोस. इकडे मार्चनंतर बाजारात स्ट्रॉबेरी दिसतही नाही. महाबळेश्वरच्या खोक्यांचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो आणि शिगम्याच्या सुमारास आटोपतो. आता तर मृग लागला आहे आणि अंगणात सारखा पाऊस आहे. तुझ्याकडे इंग्लंडात, लीड्सला मात्र जून म्हणजे ऐन हंगाम. तिथल्या बाजारात या दिवसांत तिथलीच, मोकळ्या शेतातली फळे मिळत असतील. हिवाळ्यात दूरदेशाहून आलेली फळे दिसायला चांगली असली तरी त्यांना ही गोडी नसते, त्यामुळे करायचे तर आत्ताच कर.

तुझ्या आईने यंदा सांगे तालुक्यातल्या वेर्ले गावची थोडी स्ट्रॉबेरी मिळवून फ्रीझरमध्ये ठेवली आहे. नेत्रावळीच्या पलीकडे डोंगरावरच्या त्या गावात थंडी बऱ्यापैकी पडते, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी गोव्याच्या मातीत स्ट्रॉबेरी पिकवून दाखवली याचे मला फार कौतुक वाटते. तू लहान असताना हे कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. ‘मनू आली की करू’ असे म्हणत आई त्या पिशवीला हात लावू देत नाही.

आता प्रमाण. १२५ ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम मऊ तपकिरी साखर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा बेकिंग पावडर एकत्र कर. त्यात ११५ ग्रॅम वितळवलेले लोणी घालून बोटांनी कालव. मूठ वळली तर वळावी आणि हलक्या दाबाने फुटावी, इतपत ते ओले हवे. आपण साखरेऐवजी माडाचा गूळ किसून घालत होतो. त्या काळ्या गुळाचा खमंगपणा तिथल्या साखरेला येणार नाही, पण साखरेने काम भागते. आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये कागद घालून या मिश्रणाचा दोन तृतीयांश भाग तळाशी घट्ट दाबून बसव. त्यावर ३०० ग्रॅम बारीक चिरलेली स्ट्रॉबेरी पसर, पण पसरण्याच्या अगदी आधी, ऐनवेळी तिच्यात दोन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस मिसळ. आधी मिसळून ठेवलीस तर साखरेने पाणी सुटते आणि तळ भिजतो. उरलेले मिश्रण वरून भुरभुरव. तिथे मात्र दाबायचे नाही. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे लागतील. वरचा रंग पाहून बाहेर काढू नकोस. मध्यभागातला रस उकळून दाटसर बुडबुडे येऊ लागले की झाले असे समज, कारण कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ गेल्याशिवाय रसाला धरत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्ण थंड झाल्याखेरीज कापायचे नाही. गरम असताना सुरी लावली तर सगळा चुरा होतो. फळाचा रस आणि कॉर्नफ्लोअर थंड होतानाच घट्ट बसतात, आणि ट्रे मोठा असेल तर त्याला दोन-दोन तास लागतात.

या दोन तासांसाठीच तर मी ते करायला लागलो होतो. आईची रात्रपाळी असली की ती संध्याकाळच्या कदंब बसने जायची आणि तू फाटकाचा गज धरून उभी राहायचीस. रडायची नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटायची. मग आत आलीस की जेवण होई, गोष्ट होई, दिवा मालवला जाई, आणि तुझे डोळे मात्र टक्क उघडे. बालवाडीत जाणारे मूल मध्यरात्र उलटली तरी छताकडे पाहत पडते हे मी पाहिले आहे, मनू, म्हणून परवाचे तुझे ते वाक्य मला साधे वाटले नाही. आईच्या इस्पितळातल्या एका सिस्टरने ही पाककृती कागदावर लिहून दिली होती. आपल्याकडे तो अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, काचेच्या झाकणाचा, ज्याला तापमानाचा काटाही नव्हता. फळे धुण्याचे काम तुझे आणि चिरण्याचे माझे. ओव्हनच्या काचेतून बुडबुडे दिसू लागले की तू टाळ्या वाजवायचीस, आणि भांडे बाहेर आल्यावर आपला नियम एकच होता: आई सकाळी आली की कापायचे. ‘आता थंड झाले का?’ असे तू दर थोड्या वेळाने विचारायचीस, मी भांड्याच्या तळाला हात लावून ‘अजून नाही’ म्हणायचो, आणि अशा तिसऱ्या-चौथ्या ‘अजून नाही’नंतर तू झोपलेली असायचीस. वाट पाहण्यासारखे काही असले की तुला झोप यायची. हंगाम संपला की आपण स्ट्रॉबेरीच्या जागी अननस घालत होतो, पण तुला ते मान्य नव्हते.

ते भाजले जात असताना मी तुला त्या फळाची गोष्ट सांगत असे, ती आठवते का? फ्रेझिए नावाचा फ्रेंच माणूस १७१४ साली चिली देशातून मोठ्या फळांची रोपे जहाजावरून घेऊन आला, आणि ती पुढे फ्रान्समध्ये उत्तर अमेरिकेतल्या लहान, सुवासिक जातीशेजारी लावली गेली. त्या दोहोंच्या संकरातून आपण आज खातो ती स्ट्रॉबेरी झाली. तू दर वेळी विचारायचीस, ‘जहाजावर त्यांना पाणी कोण घालायचे?’ पुढे मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला, पण एवढा नेमका प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला असेल.

आणि ती वीज गेलेली रात्र. फेब्रुवारी होता, भांडे अर्धे भाजून झाले होते आणि सगळा वाडा काळोखात गेला. तुला कडेवर घेऊन, हातात ते कोमट भांडे धरून मी गल्लीच्या टोकाच्या पोदेराकडे गेलो. पहाटेच्या पावांसाठी त्याची भट्टी तापत होती. त्याने काही न विचारता ते भांडे भट्टीच्या तोंडाशी, जिथे आच कमी असते तिथे, ठेवले आणि तुला पिठाच्या पोत्यावर बसवले. त्या वड्यांना लाकडाच्या धुराचा वास होता, आणि सकाळी आईने पहिला घास घेऊन ‘हे कोणी केले?’ असे विचारले तेव्हा तू म्हणालीस, ‘मी आणि पोदेराने.’ माझे नावच घेतले नाहीस. अजूनही आई ते सांगते आणि प्रत्येक वेळी तितकीच हसते.

लिहायचे होते वेगळेच. तुला झोप का लागत नाही हे मी माझ्या परीने ताडून पाहिले. आपण १५ अंश उत्तरेला आहोत आणि तुझे लीड्स जवळजवळ ५४ अंशांवर. या दिवसांत आपला दिवस १३ तासांचा असतो आणि तुझा १७ तासांचा; रात्री साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही आणि पहाटे पाचच्या आतच उगवतो. त्यात तुझ्या बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्या. तीन रात्री जागून चौथ्या रात्री शरीराला ‘आता झोप’ म्हटले तर ते कसे ऐकेल? खिडक्यांना जाड, गडद रंगाचे पडदे लाव. पाळी संपवून घरी येताना डोळ्यांवर गॉगल ठेव. पाळीच्या उत्तरार्धात कॉफी पिऊ नकोस. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. महिनाभर असेच चालले असेल तर डॉक्टरांना दाखव, ‘माझे मला कळते’ असे म्हणून टाळू नकोस, आणि एकटीच जेवायची असलीस तरी ताट वाढून, बसून जेव, ओट्याशी उभी राहून नव्हे.

हे सगळे उपदेशासारखे झाले, त्याबद्दल क्षमा कर. अतिदक्षता विभागात रात्रभर दुसऱ्यांचे श्वास मोजणाऱ्या मुलीला झोपेविषयी मी काय शिकवणार? तुझी आई म्हणते तेच खरे: रात्रपाळी काय असते हे तिला विचारावे, मला नव्हे. तिने इतकी वर्षे रात्री जागवल्या, आणि तू त्याच कामासाठी एवढ्या लांब जाऊन, तिथल्या परीक्षा देऊन उभी राहिलीस, याचा मला किती अभिमान वाटतो हे मी तुला समोर कधी नीट सांगितले नाही. आजी तर देवळात भेटेल त्याला सांगत असते.

तरीही राहवत नाही म्हणून विचारतो. झोप लागत नाही ती केवळ उजेडामुळे आणि पाळ्यांमुळे, की आणखी काही आहे? मार्चमध्ये तुझ्या विभागातले ते आजोबा गेले तेव्हा तू दोन दिवस फोन केला नव्हतास, आणि नंतर त्याविषयी एक शब्दही बोलली नाहीस. लहानपणी फाटकाशी उभी राहायचीस तेव्हाही तू बोलत नव्हतीस. मला उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नकोस, आईला दे. तिला अशा रात्रींचे पुष्कळ ठाऊक आहे आणि ती माझ्यासारखी दहा प्रश्न विचारणार नाही.

बार करायचेच झाले तर रात्रपाळी नसलेल्या संध्याकाळी कर, आणि एकटीने नको. तुझ्या घरात राहणाऱ्या त्या केरळच्या मुलीला फळे चिरायला बसव. रात्री भाजून ट्रे तसाच झाकून ठेव, सकाळी काप. उरले तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहतात, आणि थोडे विभागातही ने. तिथल्या सहकाऱ्यांना गोड घेऊन गेलीस म्हणजे तुझ्यासोबत कोण बसते, कोण काय बोलते हे तू आपोआप आम्हाला सांगशील, आणि मला तेवढेच हवे आहे.

आणि एक लक्षात ठेव. तुझ्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इथे साडेसहा झालेले असतात. पोदेराचा भोंगा वाजून गेलेला असतो, चहा झालेला असतो आणि मी ओसरीवर बसलेला असतो. त्या वेळी जागी असलीस तर छताकडे पाहत पडू नकोस, सरळ फोन कर. बोलायला काही नसले तरी चालेल. पाऊस किती झाला ते मी सांगेन.

तब्येतीस जप. आजीचे आणि आईचे आशीर्वाद.

तुझे
बाबा

ता. क. तुझ्या ओव्हनला पंखा असेल तर १८० ऐवजी १६० अंश ठेव. शेजारच्या काकींचा मुलगा महिनाअखेरीस मँचेस्टरला जाणार आहे. त्याच्याबरोबर माडाच्या गुळाच्या दोन ढेपा पाठवतो. त्या किसायला कठीण जातात, म्हणून आधी जाड सुरीने कापून घे. आणि पत्र पोहोचल्यावर काल रात्री किती तास झोपलीस तेही लिही.