बसला रस्ता द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि. वाहतुकीतून होणारं कार्बन उत्सर्जन कमी व्हायला हवं, हे कालच्या अग्रलेखात आपण कळकळीनं लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण अख्ख्या लेखात विजेच्या मोटारी आहेत, बस एकदाही नाही. एबी रोडवरची बीआरटीएस, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली लेन, काढायला घेतल्यानंतर इंदूरच्या वर्तमानपत्रात हे वाचून फार राग आला.

आयबस, म्हणजे बीआरटीएसवरची बस, स्वतःच्या लेनमधून धावत होती तेव्हा मी गीता भवनहून विजयनगरला लेकीकडे एकटी जायचे. फलाट आणि बसचं दार एका पातळीत, त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही कधी अडलं नाही. आता कडेला मोटारी आणि ई-रिक्षा लागलेल्या असतात, बसला कडेशी येताच येत नाही. मागच्या आठवड्यात ती भर रस्त्यात थांबली. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं दांडा धरून पायरीवर पाय टाकते तोच मागून हॉर्न सुरू, आणि कंडक्टर ओरडतोय, ‘माताजी, जल्दी करो!’ घरी सांगितलं तर मुलानं माझं बसनं जाणंच बंद केलं. आता तो मला मोटारीनं सोडतो, एकटा परततो आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला येतो. हा धूर कोणाच्या हिशेबात धरायचा?

देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता. तो कचरा आम्ही बायकाच स्वयंपाकघरात वेगळा करतो. भाजीच्या देठांत एक प्लास्टिकची पिशवी गेली तरी कचरागाडीवाला टोकतो, आणि बरोबरच करतो. जो मिथेन, हवा तापवणारा वायू, कचऱ्याच्या ढिगातून हवेत गेला असता, त्याचा गॅस होऊन शहर बस चालते. एवढा खटाटोप करून ती बस पलासियाला एकेकट्या माणसाच्या मोटारींमागे इंजिन चालू ठेवून उभी!

विजेच्या मोटारीला माझा विरोध नाही. पण देशातली बहुतांश वीज अजून कोळशावरच होते; आपल्या खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी केंद्रातही कोळसाच जळतो. शिवाय विजेची मोटार रस्ता तेवढाच अडवते. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द देशानं २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलाय. त्यासाठी मोटारीतली माणसं बसमध्ये यायला हवीत. आमच्या घरात नेमकं उलटं झालं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं बीआरटीएस हटवायला मोकळीक दिली, ते मान्य. रेलिंग नको तर नको. पण गर्दीच्या वेळी एबी रोडवर बससाठी एक लेन राखा आणि थांब्यापाशी पार्किंग करणाऱ्यांकडून दंड घ्या. यावर आपण अग्रलेख लिहावा, ही विनंती.

आणखी एक. ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा आपण पानंच्या पानं दिलीत. ती सुपर कॉरिडॉरवर धावते, आमच्या भागात नाही. शहर बसचे बदललेले मार्ग आणि वेळा मात्र आपल्या अंकात मला कुठे दिसल्या नाहीत. थांब्यावर दहा जणांना विचारावं लागतं. त्या येत्या रविवारी छापाव्यात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
साऊथ तुकोगंज, इंदूर