इशापूरची रायफल म्हणजे नळी बदललेली थ्री नॉट थ्री नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या शस्त्रांवर लेख आला होता, त्यात बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायच्या) रायफलीवर एकच वाक्य होतं, की ही म्हणजे थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली तडजोड आणि म्हणूनच ती अमेरिकेत भंगाराच्या भावात गेली. मी मूळचा भुसावळचा, आयटीआय करून पुण्यात टूलरूमला होतो आणि आता बरीच वर्षं ह्यूस्टनला मशीनशॉपमध्ये आहे. माझ्याकडे ही रायफल आहे, मी ती पूर्ण खोलून दुरुस्त केलेली आहे, म्हणून सांगतो की ते वाक्य चुकीचं आहे. भाव कमी होता हे खरं, पण माल कमअस्सल होता म्हणून तो कमी नव्हता.

आधी ती काय चीज आहे ते बघा. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे रायफली कमी पडल्या, नवीन एसएलआर, म्हणजे आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या रायफली, यायला वेळ होता आणि सैन्य ७.६२ नाटो, म्हणजे नाटो देशांनी ठरवलेल्या मापाच्या, काडतुसाकडे वळत होतं. इशापूरच्या कारखान्याला थ्री नॉट थ्री बनवायचा अनेक दशकांचा हात होता, तर त्यांनी तोच ओळखीचा साचा घेऊन १९६३ च्या सुमारास २ए आणि नंतर २ए१ काढली. दोन्हींत मुख्य फरक मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा, २ए ला ती २००० पर्यंत आखलेली होती, २ए१ ला ८०० मीटरवर आणली. आता ७.६२ चा दाब थ्री नॉट थ्रीपेक्षा जास्त, त्यामुळे जुनी बॉडी, म्हणजे बोल्ट आणि नळी ज्यात बसतात तो मधला धातूचा भाग, घेऊन नुसती नळी बसवून चाललंच नसतं, म्हणून बॉडी सुधारित ईएन जातीच्या स्टीलमध्ये नव्याने बनवली. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते, ७.६२ ला तशी कड नाही, म्हणून एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, बदलला आणि मॅगझिन नवीन केलं, सरळ चौकोनी. आपल्याकडे पोलिसाच्या खांद्यावर लांब लाकडी रायफल दिसली की सगळे तिला थ्री नॉट थ्रीच म्हणतात, पण मॅगझिन चौकोनी दिसलं तर ती बहुधा ही असते. लाकूड मात्र जुन्याच नमुन्याचं ठेवलं आणि बरोबरच केलं, जे चालतंय ते कशाला बदलायचं.

पुढे एसएलआर पुरेशा झाल्या, या मागे पडल्या आणि त्यातल्या बऱ्याच सरप्लस, म्हणजे सैन्याचा जादा माल, म्हणून अमेरिकेत आल्या. दोन हजार सालानंतरची काही वर्षं इथे त्या शंभर दीडशे डॉलरला मिळायच्या, रशियन मोसिन नागांत तर त्याहून स्वस्त. स्वस्त असल्यामुळे लोकांनी त्यांचे हाल पण तसेच केले, काही आयातदारांनी नळ्या कापून नकली जंगल कार्बाइन (थ्री नॉट थ्रीची आखूड ब्रिटिश आवृत्ती) बनवून विकल्या, घरोघरी लोकांनी लाकूड कापून शिकारीची रायफल केली. आता धड अवस्थेतली मिळायला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात ते त्यामुळेच.

मला मिळाली ती एका गन शोमध्ये अडीचशेला, कारण पुढचं लाकूड मागच्या टोकाला तडकलेलं होतं आणि विकणाऱ्याला वाटत होतं की ती आपटली असणार. ती आपटलेली नव्हती. या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, आतून एका लांब बोल्टने आवळलेला असतो, आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका छोट्या लोखंडी पट्टीत अडकून बसतं म्हणजे ते सैल होत नाही. हे माहीत नसलेला माणूस सरळ मागून लांब स्क्रू-ड्रायव्हर घालून दस्ता काढायला जातो, चौकोनी टोक फिरतं, पट्टीला पिळतं आणि लाकूड आतून फाकवतं. म्हणून नियम एकच, आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मगच दस्त्याला हात लावायचा. ही एक गोष्ट माहीत असती तर कितीतरी रायफली वाचल्या असत्या, आणि विकत घेताना पण पहिली नजर तिथेच टाकावी.

बॉडीच्या खाली उजव्या बाजूला, सगळं काळं ग्रीस पुसल्यावर, अशोकस्तंभाचे सिंह दिसले आणि खाली आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर), २ए१ आणि १९६६. खरं सांगतो, हातातलं फडकं बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसतं बघत होतो. आपल्या कारागिरांनी घाईच्या काळात केलेलं काम साठ वर्षांनी टेक्सासच्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर होतं, आणि बोल्ट इतका गुळगुळीत मागे-पुढे होत होता की आजच्या महागड्या रायफलीने लाजावं.

दुरुस्तीचं बोलायचं तर तडा चिकटवणं हे सोपं काम, अवघड आहे ते लाकडातलं जुनं तेल काढणं, कारण तेल पिऊन बसलेल्या लाकडाला कुठलाही गोंद धरत नाही. ॲसिटोनने पुसायचं, वाळवायचं, परत पुसायचं, फडकं कोरडं निघेपर्यंत. मग इपॉक्सी आत जाईल असं बघून क्लॅम्प लावला आणि बारीक पितळी पिन आडवी ठोकली. पण खरा रोग त्याच्या आत होता. गोळी सुटल्यावर जो धक्का बसतो तो बॉडी मागच्या बाजूला लाकडाच्या दोन छोट्या खांद्यांवर देते, ते खांदे झिजले की रायफल लाकडात मागे-पुढे हलायला लागते, मग नेम पण पसरतो आणि चिकटवलेला तडा परत उघडतो. तिथे मी कठीण लाकडाच्या पातळ चकत्या बसवल्या आणि दोन्ही बाजूंना सारखा टेकावा मिळेपर्यंत कानस मारत बसलो. धातूवर काजळी लावून बसवायचं, काढायचं, डाग कुठे लागला ते बघून तेवढंच घासायचं, आपल्या फिटर लोकांना हे वेगळं शिकवायला नको. वरून फक्त जवसाचं उकळलेलं तेल, हाताने चोळून. व्हार्निश मारायचं नाही, सँडरने घासायचं तर अजिबात नाही, लाकडावरचे कारखान्याचे आणि दुरुस्तीखात्याचे शिक्के एकदा गेले की गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे हेडस्पेस. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं हे अंतर, ते जास्त झालं तर काडतूस ताणलं जाऊन फाटतं आणि गरम गॅस तोंडावर येतो. सरप्लस रायफलीत बोल्ट एकीचा आणि बॉडी दुसरीची असं सर्रास असतं, त्यामुळे दोन्हींवरचे नंबर जुळतात का ते बघा, आणि जुळले तरी गेज लावल्याशिवाय एकही गोळी उडवू नका. माझी मी गनस्मिथकडे नेली. त्याने बाजारातल्या ३०८ विंचेस्टरचा, म्हणजे याच काडतुसाच्या नागरी भावंडाचा, नो-गो गेज लावला (बोल्ट ज्यावर बंद व्हायला नको असं माप), १.६३४ इंचाचा, तर बोल्ट बंद झाला, आणि तो म्हणाला की ही बाद आहे. मी त्याला नाटोचा गेज लावायची विनंती केली, त्यात नो-गो १.६४० इंचाचा असतो, त्यावर बोल्ट बंद झाला नाही. म्हणजे चेंबर बरोबर होतं, ते कापलंच होतं नाटोच्या मापाला. "इशापूरच्या रायफली ढिल्या असतात" ही बदनामी बऱ्याचदा अशा चुकीच्या मापाने मोजून आलेली आहे. पण म्हणून बेफिकीर व्हायचं नाही, कारण चेंबर त्या मापाचं आहे तर जाड भिंतीच्या नाटो काडतुसाचीच गोळी वापरावी, शिकारीसाठीची भारी दाबाची ३०८ नको. माप खरंच जास्त भरलं तर बोल्टचं पुढचं डोकं वेगळं निघतं, थोडं लांब डोकं बसवून बऱ्याचदा काम होतं, पण ते गनस्मिथनेच करावं, मी मशीनिस्ट असून त्याच्यावरच सोडतो.

जुन्या सरप्लस गोळ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांच्या बुडातल्या, ठिणगी टाकणाऱ्या टोपीत बऱ्याचदा असं रसायन असतं की उडवल्यावर नळीत क्षार राहतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि ह्यूस्टनसारख्या दमट हवेत रातोरात गंज चढतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात, म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. या रायफलीसोबत मला काही रिकामी काडतुसं मिळाली, त्यांच्या बुडावर ओएफव्ही असं कोरलेलं होतं. म्हणजे आमच्या भुसावळजवळच्या वरणगावचा काडतुसांचा कारखाना! आमच्या गल्लीतले कितीतरी काका तिथे शिफ्टला जायचे.

आज ती शंभर यार्डावर पाच गोळ्या तळहाताच्या आत टाकते, साध्या लोखंडी साइटवर. तडजोड म्हणून बनवलेल्या वस्तूकडून एवढं होत नाही.

इथल्या मराठी मंडळात हे कळल्यावर बरीच तरुण मुलं विचारायला येतात, त्यांच्या आई-वडिलांच्या वाचनात हे पत्र येईल म्हणून लिहितो. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज) भरून, पार्श्वभूमी तपासून मिळते. आणि भारतात येताना बॅगेचा प्रत्येक कप्पा झटकून बघा, रेंजवर वापरलेल्या बॅगेत एक जिवंत काडतूस विसरून राहिलं तरी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, अशा बातम्या आपल्याच पेपरात येतात.

माझी आपल्याला विनंती आहे की त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि इशापूरला त्या काळात काम केलेले, किंवा खडकी-वरणगावला ७.६२ च्या लाइनवर असलेले कोणी निवृत्त कामगार आपले वाचक असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्यावं, ही रायफल कशी तपासली जायची, प्रूफ फायरिंग (जास्त दाबाची गोळी उडवून चाचणी) कसं व्हायचं, स्टील कशाला बदललं. ती माणसं आता ऐंशीच्या घरात असणार. इथे अमेरिकन लोक या रायफलीवर तासन् तास चर्चा करतात पण त्यांना माहीत आहे ते फक्त बाहेरून मोजलेलं, ज्यांनी ती घडवली त्यांचं लिहिलेलं मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टन (मूळ भुसावळ)