एजंट चुकतो, पण दोष बऱ्याचदा वर्णनाचा

महोदय,

बँका, सरकारी पोर्टल, शेतमालाच्या सेवा, सगळीकडे एआय सहायक बसवण्याची घाई चालली आहे. उत्तर चुकले की खापर मॉडेलवर, म्हणजे सहायकामागच्या एआयवर, फुटते. प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या हाती दिलेल्या टूलचे, म्हणजे माहिती आणणाऱ्या किंवा काम करणाऱ्या प्रोग्रामचे, वर्णन कोणीतरी एका ओळीत उरकलेले असते. या दुर्लक्षित कामाकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

एजंट, म्हणजे कामेही करणारा एआय सहायक, नुसता बोलत नाही, तो भाव शोधतो, तिकीट काढतो, अर्ज भरतो. त्यासाठी दिलेल्या टूलमागचा कोड मात्र सहसा त्याच्यासमोर नसतो. त्याला दिसते ते टूलचे नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. टूल कधी वापरायचे आणि त्यात काय भरायचे, हे त्याने एवढ्यावरून ठरवायचे असते.

कांद्याचा बाजारभाव सांगणारे टूल घ्या. वर्णन : ‘शेतमालाचा भाव देते.’ रकाने तीन : माल, बाजार, तारीख. शेतकरी विचारतो, ‘पिंपळगावला परवा कांदा काय भावाने गेला?’ पिंपळगाव निफाड तालुक्यातले पिंपळगाव बसवंतच, की त्या नावाचे दुसरे एखादे? कांदा लाल की उन्हाळ? आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. इथे ‘गेला’मुळे तो मागचा आहे हे कळते, पण आजची तारीख एजंटला कोणी सांगितलीच नसेल तर तो मोजणार कुठून? ‘०५/०६/२०२५’ ही ५ जून की ६ मे? शेवटी टूलकडून नुसते ‘१८००’ आले, तर ते क्विंटलचे, म्हणजे किलोला १८ रुपये, हे त्याने कशावरून ओळखायचे?

वाणाचा एक रकाना वाढवून तेच वर्णन असे लिहिता येते : ‘एका बाजार समितीत एका दिवशी झालेल्या लिलावाचे किमान, कमाल व सर्वसाधारण भाव आणि आवक देते. भाव रुपये प्रति क्विंटल (१०० किलो). किरकोळ दुकानातला भाव किंवा पुढचा अंदाज यासाठी वापरू नये. बाजाराचा क्रमांक आधी ‘बाजार शोधा’ या टूलकडून घ्यावा, अंदाजाने भरू नये. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. वाण सांगितला नसेल तर तो रकाना मोकळा ठेवावा, सगळ्या वाणांचे भाव येतील. लिलाव बंद असल्यास रिकामी यादी येते. तिचा अर्थ भाव शून्य असा नाही.’

यातले ‘वापरू नये’ हे वाक्य सर्वांत मोलाचे आणि नेमके तेच लिहायचे राहते. वाणाच्या रकान्याचेही तसेच. तो सक्तीचा केला आणि शेतकऱ्याने वाण सांगितलाच नसेल, तर एजंट विचारण्याऐवजी मनाने काहीतरी भरून मोकळा होण्याचा धोका असतो. ज्या रकान्यात ठरावीकच पर्याय चालतात, तिथे त्या पर्यायांची यादीच द्यावी.

‘भाव मिळवा’, ‘दर शोधा’, ‘बाजार माहिती’ अशी तीन जुळी टूल दिली, तर एजंट कोणतेही उचलतो. ती एकत्र करावीत किंवा प्रत्येकाची हद्द लिहावी. काही चुकल्यावर टूलकडून येणारा संदेशही वर्णनाइतकाच महत्त्वाचा आहे. ‘त्रुटी ४००’ एवढेच आले, तर तो तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. ‘या नावाचे एकापेक्षा अधिक बाजार आहेत, तालुका विचारा’ असे आले की योग्य प्रश्न विचारतो.

पानभर लिहिणे हाही उपाय नव्हे. सहसा सगळी वर्णने प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात, जागा आणि पैसा दोन्ही खातात. साध्या टूलला तीन-चार वाक्ये पुरतात, गुंतागुंतीच्या टूलला सात-आठ. पैसे पाठवणे, नोंद रद्द करणे अशा टूलमध्ये ‘हे परत फिरवता येत नाही’ असे स्पष्ट लिहावेच, पण वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. ग्राहकाची संमती घेतल्याशिवाय व्यवहार पुढे जाणार नाही, ही व्यवस्था कोडमध्येच हवी. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला बाहेरची टूल जोडण्याची सामायिक पद्धत) खुला झाल्यापासून तर एकाने लिहिलेले वर्णन भलत्याच कोणाचा तरी एजंट वाचू शकतो, आणि तिथे शंका विचारायला लिहिणारा हजर नसतो.

तपासणी अवघड नाही. लोक बोलतात तशा भाषेतले वीस-तीस प्रश्न घ्यावेत, त्यात हे टूल वापरूच नये असेही पाच-सहा असावेत. कोणते टूल निवडले, रकान्यांत काय भरले, हे नोंदीत पाहावे. एका वेळी एकच वाक्य बदलावे आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवावेत.

सरकारी खात्यांना आणि बाजार समित्यांना विनंती अशी की, सहायकाचे कंत्राट देताना ही वर्णने आणि हे चाचणी-प्रश्न लेखी मागून घ्यावेत, आणि मंजुरीपूर्वी ते लिलावाच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला वाचायला द्यावेत. लाल आणि उन्हाळ कांद्याचे भाव एका रकान्यात कोंबले आहेत, हे त्याला पहिल्या वाचनातच खटकेल.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे