मागच्या खोलीतल्या राउटरविषयी आई-बाबांस पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत मागच्या खोलीत मी दुसरा राउटर बसवला, त्याची जोडणी नीट लिहून पाठव, असे बाबा परवा फोनवर म्हणाले. मी नसताना काही बंद पडले तर तुमची अडचण होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र वीजबिलांच्या फायलीत लावून ठेवावे.

आपल्या घरात इंटरनेटची तार पुढच्या सोप्यात येते आणि आईची खोली, म्हणजे ही मागची खोली, चौकाच्या पलीकडे आहे. मध्ये दगडामातीच्या दोन-दोन हात जाडीच्या तीन भिंती आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात याच भिंती आणि वरचे माळवद घर थंड ठेवतात, पण वायफायच्या लहरी त्याच अडवतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी भिंतीपुढे लवकर थकतात, तर २.४ गिगाहर्ट्झच्या थोड्या अधिक आत शिरतात. संध्याकाळी नातवाशी बोलताना त्याचा चेहरा पडद्यावर थिजला की आई मोबाइल हातात धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी चौक ओलांडून सोप्यापर्यंत जायची. ते मी डोळ्यांनी पाहिले आणि त्याच दिवशी हे काम हाती घ्यायचे ठरवले.

यापूर्वी आपण भिंतीवर लावायचा रिपीटर आणला होता. त्याने खोलीत दांड्या पूर्ण दिसत, पण वेग येत नसे. आपला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. शिवाय जाड भिंतीपलीकडून त्याच्या हाती जे क्षीण येते तेच तो पुढे देतो. म्हणून या वेळी नव्या पेठेतून कॅट ६ ची, म्हणजे दोन राउटर जोडायची केबल आणून ती सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत चौकाच्या कडेने पीव्हीसी पाइपातून नेली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला तर त्याच्या पावपटही लागली नाही. उघडी केबल उन्हाने तडकते, म्हणून तो पाइप कोणी रंगकाम करताना काढला तर परत बसवून घ्यावा.

आता खरी गोष्ट. उन्हाळ्यात एका माणसाने हाच राउटर जोडून दिला होता आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले मोबाइल ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असे दाखवू लागले, हे तुम्हाला आठवत असेल. दोष राउटरचा नव्हता. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला राउटर एक क्रमांक देतो. त्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. त्या माणसाने दोन्ही राउटरांचे डीएचसीपी चालू ठेवले होते. बाबा, कारखान्यात दोन मुकादम कामगारांना आपापल्या मर्जीने माग वाटून देऊ लागले, तर एकाच मागावर दोघे येऊन उभे राहतील आणि कोणी भलत्याच मागावर जाईल. तसेच ते झाले होते. म्हणून सोप्यातला राउटरच मुकादम ठेवला आहे. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. मागच्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता देऊन त्याचे डीएचसीपी बंद केले आहे, त्यामुळे तो आता फक्त वायफाय देतो.

केबलची दोन्ही टोके ‘लॅन’ लिहिलेल्या खाचांतच आहेत. मागच्या राउटरवर ‘वॅन’ लिहिलेली वेगळी खाच आहे. तिच्यावर मी पांढरी चिकटपट्टी लावली आहे, ती काढू नये. तिथे केबल लावून राउटरला पहिल्यासारखे काम करू दिले, तरी इंटरनेट चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. मात्र त्याचे स्वतःचे वेगळे जाळे तयार होते आणि आईच्या खोलीतल्या मोबाइलवरून सोप्यातल्या टीव्हीवर कीर्तन लावायला गेले तर टीव्ही सापडतच नाही. त्याचप्रमाणे राउटरच्या मागे टाचणीएवढे छिद्र आहे. आतले बटण दाबून धरल्यास मी केलेली सगळी मांडणी पुसली जाते, तेव्हा कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी मला फोन केल्याशिवाय ते दाबू देऊ नये.

दोन्हीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला आहे. २.४ गिगाहर्ट्झवर पुढचा राउटर १ क्रमांकाच्या चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या वेगळ्या पट्ट्यावर, आणि मागचा ११ वर आहे, म्हणजे एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. कोणत्या राउटरला जोडायचे हे मोबाइल स्वतः ठरवतो आणि कधीकधी सोप्यातल्या राउटरला चिकटून बसतो. आईने खोलीत आल्यावर चित्र अडखळले तर वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू करावे, तेवढे पुरते.

आई, राउटरवर धूळ बसू नये म्हणून तू विणलेला रुमाल घातला होतास, तो मी काढून ठेवला आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि राउटर स्वतःही तापतो. त्याला चारही बाजूंनी हवा हवी. धूळ कोरड्या फडक्याने आठवड्यातून एकदा पुसली तरी चालेल. वीज गेल्यावर दोन्ही राउटर चालू राहिले पाहिजेत, कारण सोप्यातला बंद पडला तर मागचा चालू असूनही इंटरनेट मिळत नाही. मागच्या खोलीतला सॉकेट अजून इन्व्हर्टरवर घेतलेला नाही, तेवढे काम वायरमनला बोलावून या महिन्यात करून घ्यावे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या तर दोन्ही राउटरांचे प्लग आणि चौकातल्या केबलची दोन्ही टोके काढून ठेवावीत.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी मी येणारच आहे. तोपर्यंत आईने रात्री पलंगावर बसूनच एकदा व्हिडिओ कॉल करावा आणि चित्र कुठे थांबते का, ते मला कळवावे.

तुमची लेक